वीज बनवणाऱ्या गावात वीज गेली तेव्हा

स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप असतं. शाळेत, कँटीनमध्ये, आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या डब्यांतही. दिसायला घट्ट वरण, पण आत डुकराच्या मांसाचे तुकडे. वर मोहरीची चटणी आणि मागून पॅनकेक.

मी वेस्तेरोसमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन काम करते. गोळ्या द्यायच्या, पायात ते जीवघेणे घट्ट मोजे चढवायचे, डबा गरम करायचा. फोनवर यादी येते, त्यात कुणाकडे किती मिनिटं थांबायचं तेही लिहिलेलं असतं. गप्पांची मिनिटं त्यात धरलेली नसतात, ती आपण चोरायची.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी उणे बारा होतं आणि दुपारच्या डब्यांच्या वेळेलाच आमच्या भागातली वीज गेली. इथे वीज जात नाही. त्यामुळे गेली की काय करायचं हे कुणाला सुचत नाही. ग्रुपवर सहकारी मुलींचे मेसेज धडाधड यायला लागले: लिफ्ट बंद, मायक्रोवेव्ह बंद, आता काय? मी चंद्रपूरच्या बाबुपेठेतली. औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबून दिसायच्या आणि भारनियमनात अभ्यास मात्र कंदिलावर व्हायचा. माझे हात-पाय गार पडले ते फक्त थंडीने.

आधी ऑक्सिजनवाल्या आजी. त्यांचं यंत्र हवेतून ऑक्सिजन काढतं, ते विजेवर चालतं, आणि बंद पडलं की कर्कश्श ओरडतं. आजी त्या ओरडण्यानेच जास्त घाबरल्या होत्या. कोपऱ्यात राखीव सिलिंडर असतो. नळी तिकडे जोडली, काटा त्यांच्या नेहमीच्या आकड्यावर आणला, नर्सला फोन केला. शेजारीण त्यांच्याजवळ बसायला तयार झाली तेव्हा निघाले. घरं थंड पडतील याची मला तितकी चिंता नव्हती. इथे गावभर जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी फिरतं. इमारतीतला पंप थांबला तरी या जाड भिंती काही तास ऊब धरून ठेवतात.

मग आजोबा, सातवा मजला. जिना अंधारात, हातात मोबाइलचा उजेड, खांद्याला डब्यांची पिशवी.

हे आजोबा म्हणजे निवृत्त आसेआवाले. आसेआ ही विजेची यंत्रं बनवणारी कंपनी, १८९० मध्ये इथे उभी राहिली. तीन फेजची वीज मार्गी लावणाऱ्यांपैकी एक, योनास वेनस्ट्रॉम, त्याची कंपनी तिच्यात विलीन झाली होती. १९८८ मध्ये स्विस कंपनीशी एकत्र येऊन तिची एबीबी झाली, पण गावातले म्हातारे अजून आसेआच म्हणतात. चौकात सायकलींवरून कामावर निघालेल्या कामगारांची शिल्पं आहेत. त्यांतला एक आपणच आहोत, असं आजोबा नेहमी सांगतात. कोणता, ते दर वेळी बदलतं.

मी चंद्रपूरची म्हटल्यावर पहिल्याच भेटीत ते खुर्चीत सरळ झाले होते. चंद्रपूर ते पडघे, ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट! आमच्याकडची वीज मुंबईच्या बाजूला नेणारी ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, लाइन १९९०च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली, तेव्हा ते जोडणीच्या कामाला आमच्या गावात राहून आले होते. इतक्या लांब वीज न्यायची तर डीसीत गळती कमी, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. या विद्येची सुरुवातही आसेआचीच: १९५४ मध्ये गोटलँड बेटापर्यंत समुद्राखालून टाकलेली केबल, अवघे २० मेगावॅट. मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्ही वीज मुंबईला नेलीत आणि आम्ही कंदील पुसत बसलो." त्यावर ते खूप हसले होते. मी तितकी हसले नव्हते.

त्या दिवशी दार उघडलं तर गडी खुशीत. टेबलावर हाताने फिरवून चालणारा रेडिओ, पाण्याचे कॅन, आणि सरकारने २०२४च्या अखेरीस घरोघरी पाठवलेली संकटकाळाची पुस्तिका. "सूप थंड खाणार नाही," ते म्हणाले आणि कपाटाकडे बोट दाखवलं. आत पितळी प्रायमस! १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये बनायला लागलेला तोच स्टोव्ह, जो आमच्या आजीकडे होता, पिन आणि काकड्यासकट. होडीवर वापरायचे म्हणे. आता त्यांचे हात थरथरतात, पंप मारता येत नाही.

घरात पेटवायला मी ठाम नकार दिला. बाल्कनीत गेलो. ते दोन कोट घालून दारात, मी गुडघ्यांवर. स्पिरिटवर बर्नर तापवला, पिन मारली, पंप मारला, आणि तो ओळखीचा घरघराट सुरू झाला. बोटं बधिर झाली होती, तरी ज्योत निळी आली.

सूप तापेपर्यंत आजोबांनी गाव दाखवायला घेतलं. समोर गोठलेलं मेलारेन, त्यावर स्केटिंग करणारे ठिपके. वायकिंग लोकांच्या काळात हे सरोवर नव्हतंच, बाल्टिक समुद्राचा फाटा होता. जमीन हळूहळू वर येत गेली आणि पाणी आत कोंडलं. काठावरचं विटांचं जुनं वाफेचं वीजघर १९१७चं. आज तिथे हॉटेल आहे आणि पोरं घसरगुंड्यांवरून पाण्यात पडतात. आमच्या चिमण्यांखाली कुणी पोहेल, असं काही माझ्या डोळ्यांसमोर येईना.

मग कॅथेड्रलचा मनोरा. आत चौदावा एरिक राजा पुरलेला आहे. भावाने त्याला गादीवरून काढलं, काही काळ इथल्याच किल्ल्यात कोंडलं. १५७७ मध्ये तो दुसऱ्या एका किल्ल्यात कैदेतच मेला. वाटाण्याच्या सुपातून विष दिलं, ही जुनी आख्यायिका. १९५८ मध्ये थडगं उघडलं तर हाडांत आर्सेनिक सापडलं.

"तेव्हा आधी तू चाख," आजोबा म्हणाले.

मी शाकाहारी असल्याचं सांगून सुटका करून घेतली. त्यांनी बाल्कनीच्या दारातच, वाडगा छातीशी धरून, सगळं सूप संपवलं. एरवी अर्धा डबा परत जातो.

वीज आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. फोनवर राहिलेल्या घरांची रांग लागली आणि रात्री उशिरापर्यंत मी पळत होते. ऑक्सिजनवाल्या आजी ठीक होत्या. शेजारणीवर मात्र वैतागल्या होत्या, ती फार बोलते म्हणून.

पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत ठरलं की कुणाकडे विजेवरचं कोणतं उपकरण आहे याची यादी कागदावर हवी; ती आता प्रत्येकीच्या पिशवीत असते. माझ्या प्रतीत आजोबांच्या पत्त्यासमोर मी पेनाने लिहून ठेवलंय: स्टोव्ह आहे, पिन न्यावी.