फ्यूज सारखा उडतोय? त्याच्या जागी बल्ब लावून बघा

१० अँपिअरचा फ्यूज उडाला म्हणून २० चा टाकायचा, तोही गेला की तांब्याची तार गुंडाळायची. कृपा करून हे करू नका. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. बाइकची बॅटरी दिसायला छोटी असली तरी शॉर्ट झाल्यावर क्षणभरात शंभर अँपिअरच्या आसपास करंट सोडू शकते. लाइटची बारीक वायर तेवढ्यात तापून लाल होते, तिचं प्लास्टिक वितळतं आणि बंडलमधल्या शेजारच्या वायरीही चिकटून बसतात. दोन इंच वायरीचं काम अख्ख्या वायरिंग सेटवर जातं.

त्यापेक्षा १२ व्होल्ट, २१ वॉटचा साधा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. आता कितीही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. आधी त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यामुळेही टेस्टचा बल्ब मिणमिणतो आणि फसायला होतं. चावी चालू केल्यावर बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढत जा. ज्या कपलरला तो विझेल, त्याच्या पुढच्या भागात दोष. फक्त ब्रेक दाबल्यावर पेटत असेल तर ब्रेक स्विचच्या पुढे, मागच्या लाइटपर्यंतची वायर बघा. ही युक्ती लाइट, हॉर्न आणि इंडिकेटरच्या फ्यूजपुरतीच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) फ्यूजवर वापरू नका.

कपलर काढण्याआधी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बल्ब मध्येच लुकलुकला तर जागा सापडलीच म्हणायची. हँडलच्या गळ्यापाशी वायरिंग रोज शेकडो वेळा वाकतं आणि चेसिसवर घासतं. टाकीखालचे क्लॅम्प आणि मागच्या मडगार्डमधून टेललाइटकडे जाणाऱ्या वायरी या पुढच्या संशयित जागा.

फ्यूज शाबूत, पण लाइट मंद आहे, अशी तक्रार वेगळी. इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही त्याच तालात मिचमिचत असेल, तर मागची अर्थिंग सैल आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून जातो. इथे मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. वायरीत एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो. लाइट चालू ठेवून लाल प्रोब बल्बच्या अर्थ टर्मिनलवर आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. ०.२ ओहम रोध तसा नगण्य वाटतो, पण ५ अँपिअर करंटला तो पूर्ण १ व्होल्ट खातो. अर्थिंगचा बोल्ट उघडा, लगखालचा (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकवा, घट्ट करा, वरून थोडं ग्रीस लावा. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांना हे दरवर्षी पावसाळा संपल्यावर करावंच.

जोड देताना वायर सोला आणि तांबं बघा. ते काळं किंवा हिरवं पडलं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि मधे त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. सोल्डर वायरीच्या धाग्यांत वर चढतं, तो भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो नेमकी तिथेच हादऱ्यांनी वायर तुटते. म्हणून वाकणाऱ्या जागी माझी पसंती क्रिम्पला (धातूची नळी दाबून केलेल्या जोडाला), आणि तोही गळ्यापासून चार बोटं लांब. हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) जोड देण्याआधीच वायरीवर सरकवून ठेवा. नुसती टेप उन्हात चिकट होऊन सुटते.

बंडल परत बांधताना हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत वळवून बघा. कुठेही ताण येता कामा नये. मग चावी चालू करून परत हँडल फिरवा. बल्ब विझलेलाच राहिला तर तो काढा, आणि फ्यूजच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज बसवा.