फुलीच्या जागी मी झोपतो

टपाल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. त्यामुळे कार्ड हातात आलं की मी आधी मागची बाजू बघते. शिक्का, मग पत्ता, मग मजकूर, आणि वेळ उरला तर चित्र. माझा भाचा म्हणतो, "मावशी, तू एवढे पैसे घालून चित्रांची कार्डं घेतेस आणि अल्बममध्ये उलटी लावतेस." खरं आहे. सगळी उलटीच आहेत.

ही सगळी कार्डं बसरा आणि बगदादची, पहिल्या महायुद्धातली. एकूण २३. सुरुवात अपघातानेच झाली. निवृत्तीनंतर एका लिलावात जुन्या तिकिटांचा डबा घेतला होता. तिकिटं सुमार निघाली, पण तळाशी रबरबँड चिकटून बसलेली ५ कार्डं होती. तो वितळलेला रबर काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेला, आणि तेव्हापासून मी या नादाला लागले.

पहिल्याच कार्डावर मी अडखळले ती शिक्क्यापाशी. आमच्या धंद्यात शिक्का म्हणजे गाव. गावाचं नाव, तारीख, वेळ. इथे गोल शिक्क्यात नुसतं 'एफ. पी. ओ.' आणि एक नंबर. फील्ड पोस्ट ऑफिस. फौज पुढे सरकली की टपाल कचेरीही तंबू गुंडाळून सरकणार, आणि शत्रूच्या हाती कार्ड पडलं तरी ठिकाण कळू नये, म्हणून गाव गाळलेलं. तिकिटाच्या कोपऱ्यात तिकीट नाही, हाताने लिहिलेलं 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस'. शेजारी सेन्सॉरचा ठसा. मी कार्ड उलटलं, तर चित्राखाली ठसठशीत पांढऱ्या अक्षरात छापलेलं: 'न्यू स्ट्रीट, बगदाद'. मागच्या बाजूने एवढी लपवाछपवी करायची आणि पुढून पाटी लावायची! दुसऱ्या एका कार्डावर मात्र ती ओळ कुणीतरी पात्याने खरवडून काढली आहे. लिहिणाऱ्यानेच की सेन्सॉरने, कोण जाणे. काम मात्र स्वच्छ केलंय.

ज्यांना हा इतिहास शाळेत भेटला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (मलाही भेटला नव्हता.) इराक तेव्हा ऑटोमन तुर्कांकडे होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी बसरा घेतला, आणि घेतला तो हिंदुस्थानी फौजेच्या बळावर. पुढे तैग्रिस नदीच्या काठाने वर चढता चढता ती फौज कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. ही ६ वी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वर्षभराने, ११ मार्च १९१७ ला, जनरल मॉडच्या हाताखालची नवी फौज बगदादमध्ये शिरली. सगळ्या युद्धात मिळून हिंदुस्थानातून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्यांची संख्या सहा लाखांच्या जवळपास जाते, आणि त्यातली साधारण निम्मी माणसं बंदूकवाली नव्हतीच. हमाल, खेचरवाले, भिश्ती, स्वयंपाकी, धोबी. तुरुंगांतून भरती केलेल्या कैद्यांच्या मजूर टोळ्यासुद्धा होत्या.

म्हणजे कार्डांवरच्या त्या ताब्यातल्या शहरात ताबा घेऊन बसलेली माणसं आपली. हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. कुणाच्या तरी टाचेखालचं गाव म्हटलं की माझं मन आपसूक गावाच्या बाजूला जाऊन उभं राहतं, सवयच आहे ती. आणि इथे पुलावरून चालत येणाऱ्या बुटांत आपले पाय.

पुलाचं कार्ड माझ्या विशेष आवडीचं. होड्या शेजारी शेजारी बांधून त्यावर फळ्या टाकलेला पूल, खाली तैग्रिस. पुलावर खेचरांच्या सैनिकी गाड्यांची रांग, आणि त्या रांगेला वाट देण्यासाठी कठड्याला चिकटून उभा असलेला एक म्हातारा, डोक्यावर गाठोडं. फोटोग्राफरला गाड्या हव्या होत्या, म्हातारा चुकून आलाय. खाली पाण्यात दोन गुफा. गुफा म्हणजे वेताच्या मोठ्या टोपलीसारखी गोल होडी, बाहेरून डांबर फासलेली. गोऱ्या सोल्जरांना या होडीचं फार अप्रूप होतं. माझ्या २३ पैकी ६ कार्डांवर ती आहे. एकाने मागे लिहिलंय, 'यात बसलो, गोल गोल फिरलो, भिजलो, एक आणा गेला.'

एक आणा. मी परत वाचलं. बगदादच्या नावाड्याला आणा! फौजेबरोबर हिंदुस्थानी रुपया तिथे गेला आणि राहिला. इराकचा स्वतःचा दिनार आला १९३२ मध्ये. त्या दिनाराचे १००० फिल्स, आणि त्यातल्या ४ फिल्सच्या नाण्याला लोक पुढे कित्येक वर्षं 'आना'च म्हणत राहिले. मीटरगेज रेल्वेचे रूळ आणि इंजिनंही हिंदुस्थानातूनच गेली. टपालाची कथा तर माझ्या जिव्हाळ्याची. सुरुवातीला पंचम जॉर्जचं डोकं असलेली आपलीच तिकिटं, त्यावर काळ्या शाईत 'आय. ई. एफ.' अशी तीन अक्षरं छापलेली: इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स.

बगदाद पडल्यावर मात्र गंमत झाली. शहरात तुर्की तिकिटांचा साठा सापडला. जनरल मॉडच्या नावाने १९ मार्चला एक जाहीरनामा निघाला होता. लिहिला होता लंडनच्या मार्क साइक्स या ब्रिटिश मुत्सद्द्याने. त्यात बगदादकरांना सांगितलं होतं की आमच्या फौजा तुमच्या शहरांत जेते किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. आणि १ सप्टेंबर १९१७ ला त्या तुर्की तिकिटांवर नवा छाप मारून ती विकायला काढली. छापात किंमत आण्यांत, आणि वर शब्द: 'बगदाद, इन ब्रिटिश ऑक्युपेशन'. साडेपाच महिन्यांत मुक्ती जाऊन ताबा आला. जाहीरनामा लिहिणाऱ्याला शब्द फुलवायला जागा असते. तिकिटावर बोटभर जागा, तिथे जे आहे तेच मावतं. मी हे वाचलं तेव्हा, काय सांगू, खात्याचा थोडा अभिमानच वाटला.

ती तिकिटं आज दुर्मीळ आहेत आणि त्यांची नक्कल भरपूर झाली आहे. माझ्याकडे एक आहे. नक्कल. घेताना माहीत नव्हतं. भिंगाखाली धरल्यावर छापाची शाई जुन्या शिक्क्याच्या वर बसलेली दिसली. म्हणजे तिकीट आधी वापरलं गेलं आणि छाप नंतर मारला! हे तर आमच्याकडे नवा लागलेला पोरगाही ओळखेल. विकणाऱ्याला कळवलं. उत्तर नाही. असो.

'न्यू स्ट्रीट'च्या कार्डाबद्दल थोडं सांगायला हवं. हा रस्ता ब्रिटिशांनी काढलेला नाही. तुर्की सेनापती खलील पाशाने १९१६ मध्ये जुन्या दाट वस्तीतून तो सरळ कापून काढला. आज त्याला रशीद स्ट्रीट म्हणतात. माझ्या कार्डावर डाव्या हाताच्या घराची भिंत पाडलेली दिसते, आतली खोली उघडी पडली आहे, आणि त्या खोलीतल्या कोनाड्यात अजून एक दिवा आहे. रस्त्यात चिखल, चिखलात एक मोटार रुतलेली, भोवती चार शिपाई, आणि त्यांच्याभोवती वीस बघे. बघ्यांत कुणीही हात लावत नाहीये. मजकुरात सोल्जर लिहितो की इथले लोक आळशी आहेत. मला ते चेहरे आळशी वाटत नाहीत. एका फौजेने घर कापलं आणि दुसरीची मोटार त्यात रुतली, आता ती आपण का ढकलायची, असं काहीसं वाटतंय. पण हेही माझंच म्हणणं. फोटोतल्या माणसाच्या तोंडी आपण काहीही घालू शकतो.

मजकूर बहुतेक एकाच वळणाचे. उकाडा फार. माश्या फार. पार्सल मिळालं, केक बुरसला होता. गोष्टींतलं बगदाद हे नव्हेच. आणि सगळे इंग्रजी. एकाही कार्डावर मराठी नाही. चित्रांत आपली माणसं पावलोपावली: चौकात वाहतूक आवरणारा शिपाई, नदीवर जनावरं धुणारे, कॉफीच्या दुकानातल्या उंच बाकाच्या टोकाला पगडी काढून बसलेला एकजण, त्याच्या आणि शेजारच्या अरबाच्या मध्ये दोन माणसांची जागा मोकळी. मागच्या बाजूला मात्र टॉमीची, म्हणजे गोऱ्या सोल्जरची सही. मोडीत लिहिलेलं एखादं कार्ड हाती लागावं म्हणून मी तीन वर्षं लिलावांच्या याद्या चाळते आहे. मिळालं तर वाचणार कोण, हा प्रश्न भाच्याने विचारला होता, म्हणून मागच्या पावसाळ्यात मोडीचा वर्गही केला. आता वाचता येतं, कार्ड नाही.

आणि बगदादकरांचं लिहिलेलं तर काहीच नाही. अरबीत नाही, तुर्कीत नाही. ज्यूंची तिथे तेव्हा केवढी मोठी वस्ती होती, त्यांचंही नाही. त्यांचे फोटो जगभर गेले, एका पेनीत, आण्यात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आरशाच्या कडेला खोचले गेले.

आता शेवटचं कार्ड. हे मी याच महिन्यात घेतलं आणि याच्यामुळेच हे सगळं लिहायला बसले. नदीवरून घेतलेला फोटो आहे. काठालगत घरांची ओळ, लाकडी जाळीचे सज्जे पाण्यावर झुकलेले. बगदादचा उन्हाळा असा की दुपारी लोक तळघरात उतरतात आणि रात्री गच्चीवर झोपायला जातात. फोटोतल्या कित्येक गच्च्यांवर खाटा दिसतात. यातली काठावरची चांगली घरं फौजेने अधिकाऱ्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी घेतली होती. एका गच्चीवर जांभळट शाईने फुली मारलेली आहे. मागे मजकूर दोनच ओळींचा, आईला लिहिलेला: 'फुलीच्या जागी मी झोपतो. वारा छान येतो. काळजी करू नकोस.'

पत्ता इंग्लंडमधल्या एका खेड्याचा. नंबराचा शिक्का पुसट. तारीख वाचता येते: जून १९१८.

पहिल्यांदाच मी एक कार्ड अल्बममध्ये सुलटं लावलं. मग परत काढलं आणि भिंगाखाली धरलं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आहेत, एक मातीचा रांजण आहे, एक लहान मूल कठड्यावरून नदीकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघतंय. फुलीच्या गच्चीवर एका खाटेचा पाय आणि अंथरुणाची वळकटी ओळखू येते. खाट फौजेची दिसत नाही. पायाला कातीव नक्षी आहे, घरातलीच असावी. तिच्या बाजूला काहीतरी उभं आहे. माणसाच्या उंचीचं. खांबही असेल. शाई नेमकी तिथेच दाट उतरली आहे, आणि दिव्याखाली कितीही फिरवून पाहिलं तरी तिच्याखालचं दिसत नाही.