तरुणांनी करायचं काम

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका सरकारी शाळेत मी आठवीला इतिहास शिकवते. इथे आठवी पार करायची तर देशाच्या आणि राज्याच्या घटनेची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे वर्षाचा बराच काळ कलमं आणि घटनादुरुस्त्या घोटून घेण्यात जातो. एडवर्ड कोल्स त्यात एका ओळीपुरता येतो: राज्याचा दुसरा गव्हर्नर, १८२२ ते १८२६, गुलामगिरीचा विरोधक. ओळ पाठ झाली की मुलं पुढे सरकतात. हा माणूस असा एका ओळीत उरकला जावा, हे मला सहन होत नाही. म्हणून यंदा मी एक अख्खा तास फक्त त्याच्या पत्रव्यवहाराला दिला.

मुलांच्या हातात दोन पत्रांच्या झेरॉक्स ठेवल्या. पहिलं पत्र ३१ जुलै १८१४ चं. कोल्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा, व्हर्जिनियातल्या श्रीमंत मळेवाल्याचा मुलगा आणि राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचा खासगी सचिव. वडिलांकडून वारशात मिळालेला मळा आणि वीसेक गुलाम त्याच्या नावावर होते. त्याने थेट स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना लिहिलं, की सगळी माणसं समान जन्मतात असं तुम्हीच लिहिलंत, तर आता व्हर्जिनियातली गुलामगिरी संपवण्याच्या कामात पुढाकारही तुम्हीच घ्या. दुसरं पत्र एकाहत्तर वर्षांच्या जेफर्सन यांचं, २५ ऑगस्टचं उत्तर. तुझं म्हणणं खरं आहे, पण मी म्हातारा झालो, हे काम तरुणांचं. आणि तू राज्य सोडून जाऊ नकोस. इथेच राहा, आपल्या गुलामांना नीट वागव, हळूहळू लोकांची मनं वळव.

वर्गात लगेच दोन तट पडले. एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, जेफर्सनच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. चांगली माणसंच निघून गेली तर व्हर्जिनिया बदलणार कोण, हा त्याचा मुद्दा. मुद्दा पोकळ नव्हता, आणि मी तो फळ्यावर लिहून घेतला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मिस, एकाहत्तर म्हणजे किती म्हातारं? माझी आजी त्याहून मोठी आहे, अजून कामाला जाते."

मी तिसरा कागद शेवटी वाटणार होते, तो लगेच वाटला. २६ सप्टेंबरला कोल्सने जेफर्सनना उलट उत्तर लिहिलं होतं. त्यात तो अदबीने पण स्पष्ट सांगतो, की बेंजामिन फ्रँकलिन तुमचं वय ओलांडल्यावरही तितक्याच जोमाने राबत होते आणि पेनसिल्वेनियाची गुलामगिरीतून लवकर सुटका झाली ती त्यांच्यामुळे. त्या मुलीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्राला टाळ्या मिळालेल्या मी तरी कधी पाहिल्या नव्हत्या.

पण त्याच मुलीचा पुढचा प्रश्न अवघड होता: १८१४ मध्ये एवढं सगळं कळत होतं, तर गुलामांना सोडायला त्याला १८१९ का उजाडलं?

मी रशियाची गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियात कोझलोव नावाच्या रशियन वाणिज्यदूताला गंभीर गुन्ह्याच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि झार पहिला अलेक्झांडर संतापला होता. आपल्या माणसाला केंद्र सरकार सोडवू शकत नाही, हे त्याला पटेना. १८१६ मध्ये मॅडिसननी कोल्सला सेंट पीटर्सबर्गला धाडलं. असा गुन्हा राज्याच्या कायद्याखाली येतो, राष्ट्राध्यक्षांना त्यात हात घालता येत नाही, हे त्याने रशियनांना समजावलं आणि प्रकरण शांत केलं. परीक्षेत हमखास येणारा केंद्र-राज्य अधिकारांचा प्रश्न इथे जिवंत होऊन समोर येतो. कोल्सला पुढे हाच धडा कामी आला असावा, असं मला वाटतं. गुलामगिरीचा फैसलाही तेव्हा राज्याराज्यातच होत होता. तिथून परतताना तो इंग्लंडमध्ये मॉरिस बर्कबेक या इंग्रज शेतकऱ्याला भेटला. पुढे बर्कबेकही इलिनॉयला येऊन वसला आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात त्याची लेखणी फार उपयोगी पडली.

हे सगळं सांगून मी थांबले, कारण प्रश्नाचं उत्तर त्यात पुरतं येत नव्हतं. कोल्सला कारणं होती, पण ती पाच वर्षं मळ्यावरच्या माणसांनी गुलामीतच काढली. त्याच्याविषयी मला कितीही आदर असला तरी हे मुलांना सांगणं भाग होतं, आणि मी सांगितलं.

मग १८१९ चा वसंत. आपल्या गुलामांना सोबत घेऊन कोल्सने व्हर्जिनिया सोडलं. पिट्सबर्गच्या खाली, ओहायो नदीवर, सपाट तळाच्या होड्यांवर त्याने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, की या क्षणापासून तुम्ही माझ्याइतकेच स्वतंत्र आहात. इलिनॉयला पोचल्यावर दर कुटुंबप्रमुखाला त्याने एकशे साठ एकर जमीन दिली. या प्रसंगाचं चित्र स्प्रिंगफील्डच्या राज्यभवनाच्या भिंतीवर आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी ते सहलीत पाहिलेलं होतं.

"त्यांची नावं काय होती?" पुढच्या बाकावरच्या एका कृष्णवर्णीय मुलाने विचारलं. "कोल्सचं नाव माहीत आहे. त्यांची?"

मी काही नावं फळ्यावर लिहिली: राल्फ क्रॉफर्ड, त्याची बायको केट, रॉबर्ट क्रॉफर्ड, जो पुढे धर्मोपदेशक झाला. मग ४ जुलै १८१९ या तारखेच्या मुक्तिपत्रातला मजकूर वाचला. त्यात कोल्स लिहितो, की माणसाला माणसाची मालकी असू शकते हे मला मान्य नाही, म्हणून हिरावलेलं स्वातंत्र्य मी या व्यक्तीला परत करतो. त्या मुलाने लिहून घेतलं आणि म्हणाला, "नावेवर ते काय म्हणाले हेही आपल्याला कोल्सच सांगतोय ना?" होय. तेरा वर्षांच्या मुलाला साधनांची चिकित्सा याहून चांगली मी शिकवू शकले नसते.

उरलेल्या वेळात मी निवडणुकीचे आकडे दिले आणि त्यांच्याकडूनच हिशेब करून घेतला. १८२२ मध्ये चार उमेदवार होते. कोल्सला २,८५४ मतं, फिलिप्सला २,६८७, ब्राउनला २,४४३, मूरला ६२२. फिलिप्स आणि ब्राउन दोघेही गुलामगिरीच्या बाजूचे. म्हणजे साठ टक्के मतं गुलामगिरीच्या बाजूला पडली आणि ती विभागली गेली म्हणून कोल्स निवडून आला. मुलं चक्रावली. पदावर येताच त्याने राज्यात उरलीसुरली गुलामगिरी मोडा म्हणून विधिमंडळाला सांगितलं, तर तिथे उलट गुलामगिरीला वाट करून देण्यासाठी घटनाच बदलायचा घाट घातला गेला. दोनतृतीयांशाला एक मत कमी पडत होतं, तर निवडून आलेल्या एका सदस्याला काढून दुसऱ्याला त्याच्या जागी बसवलं. प्रश्न मतदारांपुढे गेला, मग दीड वर्षाचा प्रचार. कोल्सने गव्हर्नरपदाच्या चारही वर्षांचा पगार, चार हजार डॉलर, या कामात घातला. २ ऑगस्ट १८२४ ला घटना बदलण्याच्या बाजूने ४,९७२ मतं पडली, विरुद्ध ६,६४०.

त्याच सुमारास त्याच्यावर खटलाही गुदरला होता. मुक्त केलेला माणूस परगण्यावर भार होणार नाही असं प्रत्येकामागे हमीपत्र दिलं नाही म्हणून इलिनॉयमधल्या मॅडिसन परगण्याने त्याच्यावर दोन हजार डॉलरचा दंड बसवून घेतला. माणसं सोडल्याबद्दल दंड! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल १८२६ मध्ये फिरवला.

घंटा व्हायला आली तेव्हा जेफर्सनच्या बाजूच्या मुलाने विचारलं, नंतर त्याचं काय झालं? कोल्स फिलाडेल्फियाला जाऊन राहिला, १८६८ मध्ये वारला, म्हणजे गुलामगिरी संपलेली त्याने पाहिली. पण त्याचा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियात जाऊन राहिला होता आणि १८६२ मध्ये यादवी युद्धात रोआनोक बेटावर, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढताना मारला गेला. माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे घरातल्यांचंच मन वळलं नाही." त्यावरून पुन्हा वाद पेटला. एक मुलगी म्हणत होती की याचा दोष बापाला देता येत नाही, दुसरी म्हणत होती की बापाने मुलाला व्हर्जिनियाला जाऊच का दिलं. पुढच्या तासाची मुलं दाराशी उभी होती, तरी कोणी उठेना. शेवटी मी त्यांना गृहपाठ दिला: जेफर्सनना चौथं पत्र लिहा, कोल्सच्या नव्हे, राल्फ क्रॉफर्डच्या बाजूने.