चिंट्झमधला झेड

पडद्यांच्या दुकानात कापडाच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं असतात. त्यांतल्या एखाद्या पानावर फुलाफुलांचा, चकचकीत, हाताला किंचित कडक लागणारा तुकडा डकवलेला असतो आणि खाली इंग्रजी नाव: सी, एच, आय, एन, टी आणि शेवटी झेड. धुळ्याचं पाचकंदील असो की जळगावचं फुले मार्केट, गिऱ्हाईक ते नाव वाचून जरा बिचकतं. बिचकण्यासारखं त्यात काही नाही. ते आपलं चीट आहे. चिटाचं पोलकं, चिटाचं झबलं, गोधडीला खालून लावायचं चीट, तेच. परदेश फिरून आलं, म्हणून नावाला झेड लागला.

मराठीत चीट आणि छीट दोन्ही चालतं, हिंदीत छींट. मूळ शोधत गेलं तर संस्कृत 'चित्र'पाशी पोचतो. ठिपक्याठिपक्यांचं, रंगीबेरंगी, असा त्याचा अर्थ. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलला तो 'चिंट' असा. हिंदीतलं अनुनासिक आपण गाळलं आणि इंग्रजीने चक्क एन लिहून ते जपून ठेवलं. पोर्तुगीजांच्या 'शिता'मध्ये मात्र ते नाही, डचांच्या 'सित्स'मध्येही नाही.

आता झेड. गलबतात चढणारा माल एका नगाचा थोडाच असणार? त्यामुळे याद्यांमध्ये शब्द यायचा तो अनेकवचनी, म्हणजे एस लावून 'चिंट्स'. ऐकणाऱ्यांना वाटलं, कापडाचं नावच चिंट्स आहे. अठराव्या शतकात त्या एसच्या जागी झेड येऊन बसला आणि अनेकवचनाची खूणही पुसली गेली. मग अनेकवचनाचं पुन्हा अनेकवचन करायची पाळी आली: चिंट्झेस. हसायचं कारण नाही, आपणही "एक सॉक्स सापडत नाही" असं रोज सकाळी म्हणतोच.

लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने 1663 च्या सप्टेंबरात बायकोच्या खोलीच्या भिंतींना लावायला हे कापड घेतलं. रोजनिशीत नाव लिहून त्याने पुढे खुलासाही केला, की म्हणजे रंगवलेलं हिंदुस्थानी सुती कापड. स्वतःच्या वहीतसुद्धा अर्थ सांगावा लागला, इतका तो शब्द तेव्हा नवा होता.

त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये बुऱ्हाणपुरातून गेला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी तेव्हा ते खानदेश सुभ्याचं मुख्य ठिकाण होतं. तिथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जाते आणि त्यातली काही रंगवून, फुलं काढून ओढण्यांना आणि पलंगपोसांना वापरतात, असं त्याने नोंदवलं. युरोपात सर्वांत नावाजलेलं चीट अर्थात आंध्र किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणच्या बाजूचं, कलमाने रंगवलेलं. पण फुलाचं कापड म्हणजे काय, हे तापीकाठालाही कुणी शिकवायची गरज नव्हती.

फुलं तर युरोपातही काढता येत होती. येत नव्हता तो रंग. तिथला छापा कापडावर नुसता बसायचा आणि पाणी लागलं की निघायचा. इथल्या कारागिराची करामत अशी, की तो सुरुवातीला रंग लावतच नाही. रंग धरून ठेवणारं द्रव्य तेवढं लावतो.

आधी कोऱ्या कापडाची खळ काढायची. ती राहिली तर पुढे डाग-डाग उठतात आणि मग कुणाच्या बापाला ते निघत नाहीत. नंतर हिरडा. एक किलो कापडाला दीड-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड बुडवायचं, पिळून उन्हात वाळवायचं. पिवळसर होतं. जिथे काळं हवं तिथे लोखंडाचं पाणी. गंजकं भंगार आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवलं की ते तयार होतं, चिंचोक्याच्या पिठाने ते दाट करायचं. हिरड्यावर ते टेकताक्षणी काळं पडतं, जादू केल्यासारखं. जिथे लाल हवं तिथे तुरटी, डिंकात घोटलेली. तुरटी दिसत नाही, म्हणून आपण कुठे हात फिरवला हे कळावं इतकाच एखादा कच्चा रंग तिच्यात मिसळतात. पुढे तो धुऊन जातो.

कापड दोन-तीन दिवस तसंच ठेवून मग धुवायचं, आणि बहुतेक घोटाळे इथे होतात. धुणं वाहत्या पाण्यातच हवं. टाकीच्या साचलेल्या पाण्यात धुतलं तर सुटलेली तुरटी पांढऱ्या जागेवर जाऊन बसते. तेव्हा काही दिसत नाही. रंगाच्या भट्टीत घातल्यावर कापडाची सगळी पांढरी जमीन गुलाबी होते. कापड छापणाऱ्या छिप्यांची वस्ती नदीकाठी का असायची, याचं उत्तर या एका धुण्यात आहे.

भट्टीत लाल रंग देणारी मुळं. मध्य हिंदुस्थानात ती आल नावाच्या झाडाची असत. झाड तीनेक वर्षांचं झालं की मुळं खणायची, आणि त्यातही बारीक मुळांनाच किंमत. पाणी हळूहळू तापवत न्यायचं. जिथे तुरटी होती तिथे लाल पकडतो, जिथे काहीच नव्हतं तिथे मळकट छटा तेवढी चढते, ती पुढे शेणाच्या पाण्याने आणि उन्हाने उतरते. तुरटीने धरलेला लाल मात्र वर्षानुवर्षांच्या धुण्याला पुरून उरतो. काळ्याला दगाफटका होतो तो वेगळाच: लोखंड जास्त तीव्र झालं तर ते धागाच खातं. संग्रहालयांतल्या जुन्या चिटांकडे नीट पाहिलं तर लाल पाकळ्या ताज्या दिसतात आणि त्यांच्या काळ्या कडांच्या जागी बारीक भोकं असतात.

असं कापड बाजारात आल्यावर तिकडच्या विणकरांचं धाबं दणाणलं. फ्रान्सने 1686 मध्ये बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1700 च्या कायद्याने आयात अडवली. 1719 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विणकर हे कापड नेसलेल्या बायकांवर धावून गेले, अंगावरचे कपडे फाडले, शाई फेकली. 1721 च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणंच गुन्हा ठरलं, आणि तो कायदा 1774 पर्यंत होता. एवढ्यात तिथे छपाईचे कारखाने उभे राहिले. 1869 पासून लाल रंगही कारखान्यात बनू लागला आणि इथली आलीची शेती बसली.

गंमत म्हणजे इंग्रजीत शब्द राहिला आणि अर्थ निसटला. आज चिंट्झ म्हणजे चकाकी चढवलेलं फुलांचं कापड. कांजी किंवा मेण लावून तापलेल्या गुळगुळीत रुळाखाली घासलं की ती चकाकी येते. साधी असेल तर दोन-चार धुण्यांत जाते, रेझिनची टिकते. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेने 1851 च्या एका पत्रात एका कापडाला 'चिंट्झी' म्हटलं, ते नाक मुरडूनच. तोच शब्द आता हलक्या, भपकेबाज वस्तूला लावतात. ज्या कापडाने रंग पक्का कसा करायचा हे दाखवलं, त्याच्याच नावाने हलक्या मालाची ओळख. हा अन्यायच म्हणायचा, पण शब्दांच्या बाबतीत दाद मागायची कुठे?

खानदेशातली बाई मात्र नावाच्या भानगडीत पडत नाही. कापड हातात घेऊन ती थेट मुद्द्यावर येते: "भाऊ, रंग जास का?" दुकानदार म्हणतो, "नही जात, पक्का शे." दोघांनाही ठाऊक असतं, की हे नुसतं बोलायचं असतं. खरं पाहायचं तर कापड उलटवावं. मुरलेला रंग मागूनही जवळजवळ तितकाच दिसतो, वरवरचा छापा मागे फिका असतो, हाताला रबरासारखा लागतो आणि घडीवर तडकतो. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होत नाही, फार तर त्या एका धुण्यात कमी सुटतो. त्यापेक्षा दुकानातच पांढरा सुती रुमाल ओला करावा, कापडाच्या कोपऱ्यावर दहा वेळा दाबून घासावा आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता रुमालाकडे पाहावं.