कांद्याच्या मुळाशी तीन आठवडे

दहावीत सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची, आकृती मी डोळे मिटून काढायचे. चार गुणसूत्रं, रंगीत पेन्सिली, चार अवस्था, पैकीच्या पैकी मार्क. त्यामुळे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची आहे म्हटल्यावर मला वाटलं, यात काय! पहिल्या स्लाइडवर दिसली ती गुलाबी विटांची भिंत. प्रत्येक विटेत एक गोल ठिपका, बस्स. विभाजन कुठेच नाही.

दुसरी, तिसरी, चौथी स्लाइड, सगळीकडे तीच भिंत. मग खोलीवरच कांदे लावले. चहाच्या ग्लासात पाणी, त्यावर कांदा, आधाराला टूथपिक. पहिला कांदा अर्धा बुडवून ठेवला होता. तो कुजला आणि रूममेटने मला ग्लासासकट गॅलरीत काढलं. फक्त बूड पाण्याला टेकलं पाहिजे, आणि त्याआधी जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून टाकायची, हे तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी पांढरी शुभ्र मुळं लोंबायला लागली.

तरी स्लाइडवर भिंतच. शेवटी लॅबमधल्या मामांनी विचारलं, "मुळं तोडतेस कधी?" म्हटलं, दुपारी, लेक्चर संपल्यावर. ते म्हणाले, "सकाळी तोड. आणि टोक ठेव, बाकीचं फेक. तू शेपूट ठेवतेस आणि डोकं टाकतेस." खरंच तसंच होत होतं. सेंटिमीटरभर तुकडा घेऊन मी भलतीच बाजू दाबत होते. पेशी विभागतात त्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये; त्याच्या मागच्या पेशी नुसत्या लांब होत असतात.

मग सकाळी आठच्या सुमाराला टोकं तोडून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात चोवीस तास ठेवली. त्यात पेशी आहे त्या क्षणी थिजते. दुसऱ्या दिवशी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर काही मिनिटं. पेशींना चिकटवून ठेवणारा थर त्याने सैल होतो. मग अ‍ॅसिटोकार्माइन. हा लाल रंग निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनिअल किड्यापासून मिळतो. म्हणजे कांद्याची गुणसूत्रं बघायला किडा कामी येतो! रंग चढला की टोक कुठलं हे विचारावंच लागत नाही. सगळ्यात गडद लाल भाग तोच, कारण तिथे पेशी लहान आणि केंद्रकं मोठी.

खरी कसोटी दाबण्याची. स्लाइड स्पिरिट लॅम्पवरून नुसती फिरवायची, उकळी येऊ द्यायची नाही. वर ब्लॉटिंग पेपर धरून अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात, मळलेल्या कणकेसारख्या. दोन कव्हरस्लिपा, म्हणजे वरच्या पातळ काचा, फोडल्या. तिसऱ्या वेळी ४५ ची लेन्स लावली आणि मला मध्यावस्था दिसली, गुणसूत्रं पेशीच्या मधोमध जमतात ती.

ती आकृतीसारखी मुळीच नव्हती. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. मधोमध नूडल्सचा गुंता, दोन्हीकडे टोकं लोंबलेली. शेजारच्या पेशीत तेच गुंते दोन बाजूंना ओढले जात होते, टोकं मागे फरपटत. गुणसूत्रांना ओढणारे धागे, म्हणजे तुर्कतंतू, मला एकदाही दिसले नाहीत. या रंगात ते दिसतही नाहीत. आकृतीत मात्र मी ते पट्टीने आखायचे.

२०० पेशी मोजल्या. १७६ स्वस्थ, म्हणजे विभाजन सुरू नसलेल्या; १५ पहिल्या म्हणजे पूर्वावस्थेत, ४ शेवटच्या म्हणजे अंत्यावस्थेत, ३ मध्यावस्थेत, २ गुंते दोन बाजूंना ओढले जातात त्या पश्चावस्थेत. कुठल्या अवस्थेत पेशी जास्त वेळ घालवते, ते या आकड्यांतच आहे. पुस्तकात चारही अवस्थांना सारखे चौकोन असल्यामुळे मला त्या सारख्याच वेळाच्या वाटायच्या.

प्राणिपेशींसाठी कॉलेजात व्हाइटफिशच्या भ्रूणाची तयार स्लाइड होती, कुणीतरी आधीच कापून रंगवलेली. तिथे मात्र तुर्कतंतू स्वच्छ, दोन्ही टोकांना किरणांचे झुबके. आणि पेशीच्या कमरेला खाच, दोरी आवळल्यासारखी. कांद्यात असं आवळणं शक्यच नाही, बाहेर कडक भित्तिका आहे. तिथे मधोमध एक फिकट रेघ उमटते आणि ती कडांकडे वाढत जाते, तेच पेशीपटल. किरणांचे ते झुबके ज्याच्याभोवती असतात ते तारककेंद्र. वनस्पतीत तारककेंद्र नाही, प्राण्यात आहे, हे वाक्य मी तोपर्यंत नुसतं पाठ म्हणायचे.

परीक्षेला माझ्या स्लाइडवर मध्यावस्था सापडेचना. पंधरा मिनिटं स्लाइड सरकवली आणि शेवटी अंत्यावस्थेवर पॉइंटर आणून सोडला. बाहेरून आलेल्या सरांनी डोळा लावला. "ही प्राण्याची नाही कशावरून?"

"मधे रेघ आहे सर. कडेला टेकलेली नाही अजून."

त्यांनी फोकस थोडा मागेपुढे केला, जर्नलवर सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेले.