माळकरी मोठेबाबा आणि तळघरातली ओल्ड एल

नागपूरहून सरळ अमरावती हायवेनं गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला मित्राच्या गावात पोचलो असतो. पण गाडीत बीअरच्या दोन बाटल्या होत्या आणि तो हायवे कारंजा घाडगे, तळेगाव असा वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी. म्हणजे प्यायचं राहू द्या, बाटली घेऊन नुसतं तिथून जायचं तरी लफडं. मित्र फोनवर म्हणाला, "काटोलवरून ये बे, जलालखेडा, वरूड, मोर्शी, वर्धा लागतच नाही." वर्धा नाही लागला, पण मे महिना, रस्त्याचं काम, धूळ, दोन्हीकडं टँकरनं जगवलेल्या संत्र्याच्या बागा, आणि एसीचा झोत माझ्याकडं नाही तर ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्यांकडं वळवलेला. चांदूर बाजारला रसवंतीवर थांबलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, भाऊ गाडीत बाळ हाय का, एवढा एसी चालू ठेवून राह्यले.

आता या बाटल्यांची भानगड सांगतो. मित्राचा भाऊ लंडनला असतो. परदेशातून येताना ड्यूटी न भरता दोन लिटरच दारू आणता येते, लोक त्यात व्हिस्की आणतात, हा बीअर आणतो, म्हणून सगळे भाऊबंद त्याच्यावर नाराज. त्यातही साधी बीअर नाही, फुलर्स कंपनीची व्हिंटेज एल (एल हा बीअरचाच एक प्रकार), अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. लंडनच्या चिझिकमधली ही ब्रुअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, १९९७ पासून दरवर्षी एक व्हिंटेज, म्हणजे त्या वर्षाची खास बीअर, काढते, साडेआठ टक्के अल्कोहोलची, बाटलीत जिवंत यीस्ट तसंच ठेवलेलं, आणि ती लगेच प्यायचीच नसते असं या भावाचं म्हणणं. ठेवायची, विसरायची, वर्षांनी काढायची. २०१७ च्या चार बाटल्यांपैकी दोन त्यानं नागपूरच्या फ्लॅटच्या माळ्यावर टाकल्या आणि दोन गावच्या वाड्यात. माझ्या गाडीत होत्या त्या माळ्यावरच्या. प्लॅन एवढाच की दोन्ही ठिकाणच्या शेजारी शेजारी उघडायच्या.

वाड्यात पोचलो, पाणी प्यालो, लगेच पाटवडी-रस्सा, वांग्याचं भरीत, वर पुन्हा शेवया. वऱ्हाडात पाहुण्याला नाही म्हणायची परवानगी नसते. मी दोनदा नाही म्हणालो तर मोठी आई म्हणाली, "कावून, आमच्या हातचं गोड नाही लागून राह्यलं का?" मग काय, खाल्लं. हा पाहुणचार आहे की शिक्षा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी मोठेबाबा, म्हणजे मित्राच्या वडिलांचे मोठे भाऊ, तळघर दाखवायला घेऊन गेले. पंच्याहत्तरीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, वारीला जाणारे. धान्याच्या खोलीत एक फळी उचलली की खाली दगडी पायऱ्या. पेंढाऱ्यांच्या भीतीनं दागिने लपवायला बांधलं असं घरातले सांगतात, नंतर कित्येक वर्षं ज्वारीचं पेव म्हणून वापरलं. खाली उतरलो आणि पहिल्यांदा जाणवला तो गारवा. थंड म्हणता येणार नाही, पण बाहेर जी आग पडत होती ती इथपर्यंत पोचलीच नव्हती. कोपऱ्यात लाकडी खोक्यात बाटल्या उभ्या, वर गोणपाट. मागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेले जुने हिशोब, किती खंडी ज्वारी, कोणाला किती दिली, आणि त्याच्याच खाली खडूनं: २०१७, दोन. २०१९, दोन. २०२२, चार.

"तुमी लिहिलं?" मी विचारलं.

"मंग कोन लिहीन? आमी घेत नाही बाप्पा, पन पोरानं ठेव म्हनून देल्ली हाय, सांभाळा लागते ना. आडवी नाही ठेवत मी, उभीच. गाद खाली बसते मंग."

एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं, पण त्यांनी वर येऊन एक शाळेची वही काढली. त्यात ते कित्येक वर्षांपासून पाऊस लिहितात, कोणत्या दिवशी किती, पेरणी कधी. पुतण्यानं बाटल्या ठेवल्या तेव्हापासून त्याच वहीत मागच्या पानांवर दर रविवारी तळघराचं तापमान. 'बाहेर ४५, खाली २८.' 'बाहेर १२, खाली २५.' ज्या गोष्टीला स्वतः तोंड लावणार नाही, तिच्यासाठी हा माणूस दर रविवारी त्या पायऱ्या उतरतो. मी बराच वेळ वही चाळत बसलो, ते मात्र कापसाच्या भावावर बोलायला लागले होते.

माळकऱ्याच्या घरात बाटली उघडायची नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून रात्री शेतात, विहिरीजवळ. तळघरातली एक बाटली मोठेबाबांनी स्वतः आणून उंबऱ्याबाहेर मित्राच्या हातात दिली आणि आत जाऊन हात धुतले. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं की वऱ्हाडच्या कोरड्या हवेत दोन-चार डिग्री उतरतात, तेवढ्यानं भागलं. अशी एल फ्रीजगार प्यायचीच नसते, गार केली की चव बंद होते.

आणि इथं माझा संताप सुरू होतो. आमचं चौघांचं ठरलेलं, आले दहा जण. विलायती बीअर म्हटल्यावर अख्खं गाव कसं काय कळतं देव जाणे. एकानं बर्फ आणला. पहिला घोट घेतला आणि लगेच निकाल, "हिच्यात तं गॅसच नाही बे, मेली हाय हे!" दुसरा म्हणे, काढा हाय. अरे बाबा, आपल्याला स्ट्राँग म्हणजे बर्फगार, फसफसणारी लागर एवढंच माहीत. ओल्ड एल, म्हणजे ही मुरवायची एल, तिचा धंदाच निराळा. भरपूर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, म्हणून अल्कोहोल जास्त, वायू कमी, आणि मुरण्यासाठीच केलेली. जुन्या काळी इंग्लंडात अशी बीअर मोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने ठेवून ताज्या बीअरमध्ये मिसळून विकायचे. तिच्यातला तो आंबट-चामड्यासारखा वास कोणत्या यीस्टमुळं येतो ते कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लॉसेन नावाच्या संशोधकानं १९०४ मध्ये जाहीर केलं, ब्रेटॅनोमायसीस. १९६८ मध्ये इंग्लंडातल्या डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीनं थॉमस हार्डीज एल काढली तर ती नीट ठेवली तर २५ वर्षं टिकेल असा त्यांचा दावा होता. हे सगळं मी सांगत होतो आणि बर्फवाला चिवडा खात होता.

असो. माळ्यावरची आधी उघडली. नाकाला ओला पुठ्ठा, मग सोया सॉस, शेवटी पातळ आंबूस पाणी. नागपूरच्या वरच्या मजल्यावरचा बंद फ्लॅट, स्लॅब तापून भट्टी, सात-आठ उन्हाळे. मग तळघरातली. खजूर, मनुका, जळकी साखर, शेरी वाइनसारखा एक वास आणि कडूपणा जवळपास गेलेला. बाटली एकच, वर्ष एकच, बॉक्सही एकच. बडबड करणारेसुद्धा मिनिटभर गप्प झाले, मग बर्फवाल्यानं अजून मागितली, त्याला दिली नाही.

पण खरं सांगू, तीही थोडी जास्तच मुरली होती. तिकडच्या तळघरांत १२-१३ डिग्री, इथं २७. जमिनीखाली काही मीटर गेलात की साधारण वर्षाची सरासरीच मिळते आणि वऱ्हाडची सरासरीच तेवढी. दहा डिग्रीला रासायनिक क्रिया अंदाजे दुप्पट होते असा ढोबळ हिशोब धरला तर इथं जवळजवळ तिप्पट वेगानं वय वाढतं. म्हणजे आमच्या सात-आठ वर्षांच्या बाटलीला विशीच्या बाटलीची चव. म्हणून मित्राला सांगितलं, दहा वर्षांची स्वप्नं सोड, इथं तीन-चार वर्षं पुरे, २०२२ च्या चार आता काढ. तो म्हणाला, मोठेबाबांना विचार. विचारलं तर म्हणाले, "ज्याची ठेव हाय त्यालेच देईन." लंडनला फोन लावायची वेळ आली. भाऊ म्हणाला, दोन प्या, दोन राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या आईनं रिकामी बाटली हुंगून पाहिली, म्हणाली जुन्या गुळासारखा वास येऊन राह्यला, आणि धुऊन तिच्यात एरंडेल भरून ठेवलं.

परतण्याआधी चिखलदऱ्याला गेलो. हजार मीटरच्या वरचं ठिकाण, रात्री खरंच हवा बरी, बाटल्या ठेवायला झकास, असं मनात आलं. तर वीकेंडची गर्दी, गाड्यांची रांग पार घाटापर्यंत, हॉटेलवाल्यानं पंख्याच्या खोलीचे साडेचार हजार सांगितले. तळघर आहे का विचारलं तर तो म्हणाला, स्टोअर रूम हाय, त्याचं वेगळं भाडं पडन.