तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटच्या पाव गोळीबद्दल

‘डिप्रेशनची गोळी पाव भागावर आणेपर्यंत काही झालं नाही, मग शेवटचा तुकडा सोडल्यावरच डोक्यात झटके का?’ हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मागोमाग घरच्यांचं ठरलेलं वाक्य: ‘बघ, लागलीच ना सवय!’

व्यसन नव्हे हे. व्यसनातली ओढ इथे नसते. मेंदूनं औषधाशी जुळवून घेतलेलं असतं, त्याला मागे यायला वेळ लागतो.

सिटालोप्राम या डिप्रेशनच्या औषधाचंच बघा. सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं रसायन परत ओढून घेणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के 20 मिलिग्रॅमनं अडतात आणि 5 मिलिग्रॅमनंही जवळजवळ 60 टक्के. म्हणजे 15 मिलिग्रॅम उतरवले तेव्हा फरक 20 टक्क्यांचा, आणि तो ‘नगण्य’ तुकडा टाकला की एकदम 60 ची घसरण. होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये हे नीट मांडलं. त्याआधी मीही ‘चार आठवड्यांत संपवा’ म्हणत असे. मार्गदर्शक सूचनांत तसंच होतं, हे खरं. पण समोरचा माणूस सांगत होता ते ऐकायला हवं होतं.

तो सांगतो ते असं: नजर वळवली की कवटीत वीज चमकते. चालताना जमीन क्षणभर मागे राहते. दूध उतू गेलं तरी रडू फुटतं. हे सोडल्यापासून काही दिवसांतच सुरू होतं. आजार उलटतो तो सहसा सावकाश, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि विजेचे झटके हे उदासीचं लक्षण नाही. गोळी पुन्हा सुरू करून दोन-तीन दिवसांत उतार पडला, तर बहुधा तो औषध सुटण्याचाच त्रास.

एक दिवसाआड मात्र घेऊ नका. याच कामाची दुसरी औषधं बघा: पॅरॉक्सेटिन रक्तात साधारण 21 तासांत निम्मं होतं, वेनलाफॅक्सिन पाचेक तासांत. दर दुसऱ्या दिवशी तोच धक्का बसतो. रेंगाळणारं फ्लुऑक्सेटिन तेवढं वेगळं. रोजचीच गोळी लहान करत जा: सिटालोप्राम असेल तर 5 मिलिग्रॅमवरून 2.5, मग 1.25, त्याहीखाली, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, डॉक्टरांना सांगून. सुरीऐवजी गोळी कापायचं कटर घ्या, द्रवरूप औषध मिळालं तर उत्तम. नावापुढे एसआर, ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर कापू वा कुटू नका. झेपलं नाही तर आधीच्या पायरीवर परत या.

‘मग सोडू की नको?’ ब्रिटनमधल्या 2021 च्या एका चाचणीत, बरं वाटत असलेल्या लोकांपैकी ज्यांनी गोळी थांबवली त्यांतल्या 56 टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला. चालू ठेवलेल्यांतही 39 टक्के जणांचा. थांबवून ठीक राहिलेले 44 टक्केही त्यातच आहेत. तुम्ही त्यांतले की नाही, हे आधी सांगता येत नाही.